फाटकातला डोळा

१

नागोजीचं शहापुरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण लोक त्याला ओळखत ते वायरमन म्हणून. बेळगावच्या आयटीआयमधून शिकलेला, हाताला स्वच्छ, आणि केलेलं काम कसं चाललंय हे न बोलावता जाऊन बघणारा. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी वडगावची अक्काताई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली तेव्हा तो एका ट्रान्झिस्टरचं पोट उघडून बसला होता.

"नागोजी, तुझा डोळा बिघडलाय बघ," ती म्हणाली.

डोळा म्हणजे काय ते नागोजीला सांगायची गरज नव्हती. तो त्यानंच बसवला होता. अक्काताईचा नवरा कल्लाप्पा घरामागच्या शेडमध्ये चार यंत्रमाग चालवायचा. वीस वर्षांच्या खडखडाटानं त्याचे कान पार गेले होते. गेल्या साली अक्काताई नळावरून येताना परसातल्या फाटकात पाय घसरून पडली. मनगट मोडलं. तासभर ती तिथं पडून हाका मारत होती आणि वीस पावलांवर कल्लाप्पा साडी विणत होता. त्यानंतर नागोजीनं फाटकाच्या एका खांबावर पितळी नळीत घरच्या विजेवर चालणारा, हातबॅटरीत असतो तसला बारका बल्ब बसवला, आणि समोरच्या खांबावर दुसऱ्या नळीत गुंडीएवढा प्रकाशाचा डोळा. बल्बचा उजेड डोळ्यावर पडत राहील तोवर सगळं शांत. मध्ये माणूस आला, उजेड अडला, की फाटकावरचा मोठा दिवा लागायचा आणि त्याच वेळी शेडमध्ये मागासमोर एक तांबडा बल्ब पेटायचा. माणूस बाजूला झाल्यावर मिनिटभरानं दोन्ही विझायचे. अक्काताई रोज दिवेलागणीला खटका दाबून तो चालू करायची. बहिऱ्या माणसाला ह्याहून चांगली हाक मारता आली नसती.

"काय होतंय?" नागोजीनं विचारलं.

"लागतोय. कोण नसताना लागतोय."

"पाकोळ्या असतील मामी. न्हायतर कोळ्यानं जाळं केलं असंल नळीत."

"मी फडक्यानं पुसून काढली की नळी." ती पायरीवरच बसली. "पाकोळी आली तर उडून जाईल की रं. हे लई वेळ लागून ऱ्हातंय."

२

नागोजीनं दुपारीच जाऊन डोळा बदलला. जुना काढला, नवा बसवला, जोड नव्यानं डाग देऊन पक्के केले. फाटकात हात धरला, दिवा लागला. हात काढला, मिनिटभरानं विझला. दहा वेळा करून बघितलं. कल्लाप्पा शेडच्या दारात उभा राहून बघत होता. उंच, वाकलेला, अंगावर सुताची पिंज. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यानं विचारलं, "झालं काय?"

नागोजीनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी अक्काताई पायरीवर होती. तिनं नुसती मान हलवली.

मग नागोजीला खरं कारण सुचलं, आणि आधी का सुचलं नाही म्हणून तो स्वतःवरच हसला. संध्याकाळी सगळ्या वडगावात दिवे लागतात, घरोघरी माग चालू असतात, विजेचा दाब पडतो. दाब पडला की बारका बल्ब मंदावतो आणि डोळ्याला वाटतं कुणीतरी मध्ये आलं. इतकं सोपं. त्यानं तो बल्ब घरच्या विजेवरून काढून मोटारीच्या जुन्या बॅटरीवर घेतला. आता साऱ्या गावाचे दिवे गेले तरी त्याला फरक पडणार नव्हता.

ह्या वेळी तो घरी गेला नाही. अक्काताईनं दिलेला चहा घेऊन शेडच्या ओट्यावर बसला. आतमध्ये चार मागांचा आवाज असा की बाकी जगात काही आवाज आहे हेच विसरायला व्हावं. अंधार पडत आला. अक्काताईनं तुळशीपुढं दिवा लावला, फाटकाचा खटका दाबला आणि ती धोट्यांसाठी सुताच्या कांड्या भरायला बसली.

थोड्या वेळानं फाटकावरचा दिवा लागला.

फाटक उघडंच होतं. त्यात कुणी नव्हतं. गल्लीत कुणी नव्हतं. पाकोळी नव्हती, वटवाघूळ नव्हतं, वारासुद्धा नव्हता. नागोजीनं घड्याळ बघितलं. आत तांबडा बल्ब पेटलेला बघून कल्लाप्पानं माग थांबवले, तो बाहेर आला, फाटकाकडे बघितलं, नागोजीकडे बघितलं, आणि परत आत गेला. ह्या येण्याजाण्याची त्याला आता सवय झालेली दिसत होती. तेच नागोजीला जास्त लागलं.

दिवा नऊ मिनिटं चालू राहिला. म्हणजे फाटकात जे काही होतं ते आठ मिनिटं तिथून हललं नव्हतं.

३

नागोजीचे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, पण धम्मदीक्षा घेतल्यापासून त्यांनी भुतंखेतं, अंगात येणं, उतारे, लिंबूमिरची हे सगळं घराबाहेर काढलं होतं. कारणाशिवाय काही घडत नाही, असं ते सांगायचे, आणि वायरिंगच्या धंद्यात नागोजीला ते रोज पटायचं. दिवा लागत नाही ह्याला कारण असतं. दिवा लागतो ह्यालाही असतं. सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही, एवढंच.

पुढचे दोन दिवस त्यानं नीट शोधलं. शेडच्या भिंतीवरची जोडणीची पेटी बदलली, वायर बदलली, दोन्ही नळ्या काढून उन्हात धरून बघितल्या. दिवा रोज लागत होता, रोज त्याच वेळी, आणि रोज नऊ मिनिटं. घरी बायको जयाबाई म्हणाली, "जेवताना घड्याळ काय बघताय सारखं?"

पाचव्या दिवशी त्याच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. उजेड अडतोय, तर कुठं अडतोय ते बघू.

त्यानं फाटकावरचा मोठा दिवा काढून ठेवला, म्हणजे बारक्या बल्बचा उजेड दिसेल. अंधार पडत असताना त्यानं बल्बच्या नळीसमोर तळहात धरला. हातावर चवलीच्या नाण्याएवढा पिवळा ठिपका पडला. हात तसाच ठेवून तो खांबापासून खांबापर्यंत सरकत गेला. ठिपका तळहातावर राहिला, जरासा मोठा झाला, आणि पलीकडच्या नळीपाशी थेट डोळ्यावर जाऊन बसला. असंच व्हायला पाहिजे होतं. मग तो डोळ्याच्या खांबाला टेकून फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला आणि हातामुळं पेटलेला तांबडा बल्ब विझल्यावर शेडच्या खिडकीकडे बघत राहिला.

खिडकीच्या काचेत तांबडा बल्ब पेटला.

नागोजीनं डोळ्यासमोर हात धरला. ठिपका नव्हता.

बल्ब गेला, त्याला वाटलं. ह्या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की तो जवळजवळ हसतच दुसऱ्या खांबापाशी गेला. नळीसमोर हात धरला. तळहातावर पिवळा ठिपका. बल्ब चांगला जळत होता.

तो हात मागं सरकवू लागला. एक वीत. ठिपका होता. दोन विती. होता. तिसऱ्या वितीला तो गेला. मंदावला नाही, पसरला नाही. गेला. नागोजीनं हात दोन बोटं पुढं घेतला, ठिपका आला. दोन बोटं मागं, नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. हाताला गार लागलं नाही, ऊन लागलं नाही, कसला वास नाही. मागच्या शेडमध्ये माग खडखडत होते. त्याच्या वायरमनच्या हातानं आपोआप माप घेतलं : इथं त्याची कड आहे. पलीकडची कड कुठं असेल हे कळायला मार्ग नव्हता.

आणि मग त्याला कळलं की त्याचा हात कडेपाशी नाही. कड केव्हाच मागं पडलीय. मनगटापर्यंत हात आत आहे.

त्यानं हात काढून छातीशी धरला, भाजल्यासारखा. तसाच उभा राहिला. किती वेळ गेला त्यानं बघितलं नाही. खिडकीतला तांबडा बल्ब विझला तेव्हा त्यानं घाबरत घाबरत तळहात पुन्हा तिथं नेला. ठिपका हातावर येऊन बसला, काही झालंच नाही असा.

४

"मला न्यायला आलंय ते," कल्लाप्पा त्या संध्याकाळी म्हणाला.

माग बंद होते. तिघं शेडमध्ये बसले होते. नागोजीनं काय बघितलं ते त्यानं अक्काताईला सांगितलं, आणि अक्काताईनं नवऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं. अशी गोष्ट ओरडून सांगताना ऐकणं नागोजीला नको वाटत होतं.

"काढून टाक तो दिवा," अक्काताई म्हणाली. "पडले तर पडले. मरू दे."

"दिवा काढला म्हणून ते जाईल व्हय?" कल्लाप्पा म्हणाला. तिचं बोलणं त्यानं ओठांवरूनच ओळखलं होतं. "दिव्यामुळं दिसतंय तरी." त्यानं थांबलेल्या मागावर हात ठेवला. "न्हायतर मग सुबराव असंल. मेला असंल, आणि सांगायला येत असंल."

सुबराव कोण, हे नागोजीला त्या दिवशी कळलं. कल्लाप्पाचा धाकटा भाऊ. दोघं भाऊ पूर्वी ह्याच जागेत हातमागावर बसायचे. कल्लाप्पानं हातमाग विकून यंत्रमाग आणले, आणि सुबरावला तो आवाज सोसेना. डोकं फुटतंय म्हणायचा. एक दिवस कडाक्याचं भांडण झालं. "हे खडखडणारं भूत घरात हाय तोवर मी पाय ठेवणार न्हाय," म्हणून तो सदलग्याला सासुरवाडीला निघून गेला, तो अठरा वर्षांत आला नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. मेहुण्यांच्या घरी हातमागावर बसतो, एवढं उडत उडत कळलं होतं.

"तुम्ही तरी गेलासा काय मामा?" नागोजीनं कानाशी जाऊन विचारलं.

"मी थोरला. मी कसा जाऊ?" कल्लाप्पा म्हणाला, आणि लगेच मान खाली घातली. "जायला पाहिजे होतं."

नागोजीनं खिशातून पेन काढलं. भूत आहे की नाही ह्यावर त्याला बोलायचं नव्हतं. पण एक माणूस जिवंत आहे की नाही, हे तपासता येण्यासारखं होतं, आणि तपासण्यासारखं काहीतरी हाताशी असलं की त्याला धीर यायचा. अक्काताईनं देव्हाऱ्यामागून एक कोरं पोस्टकार्ड काढून दिलं. त्यावर नागोजीनं चारच ओळी लिहिल्या : आण्णांची तब्येत ठीक आहे. कान गेले आहेत. तुमची आठवण काढतात. कसे आहात ते कळवा.

"कान गेलेत हे कशाला लिहिलंस?" अक्काताईनं विचारलं.

"खरं हाय म्हणून लिहिलं."

५

आठ दिवस उत्तर आलं नाही.

त्या आठ दिवसांत दिवा रोज लागला. कल्लाप्पा आता बाहेर यायचा बंद झाला होता. तांबडा बल्ब पेटला की पाठ फिरवून बसायचा आणि माग तसेच चालू ठेवायचा. जेवण कमी झालं. रात्री उठून बसायचा. अक्काताई पोस्टमनची वाट बघायची, आणि तो गल्लीत दिसला की आत जाऊन दार लावून घ्यायची, कारण मयताचं कार्ड वरची कड फाडून पाठवतात, आणि तशी फाडलेली कड असली तर ती कुणी बघायची? नागोजी रोज दुकान लवकर बंद करून यायचा. त्या दोघांना त्या वेळी एकटं ठेवणं त्याला बरं वाटत नव्हतं, इतकंच.

नवव्या दिवशी तो शेडमध्ये कल्लाप्पाशेजारी उभा असताना तांबडा बल्ब पेटला. त्यानं सवयीनं घड्याळ बघितलं.

वेळ झाली नव्हती. अजून पंधरा मिनिटं होती.

कल्लाप्पानं पाठ फिरवली. नागोजी खिडकीपाशी गेला. काचेत आधी त्याला स्वतःचा चेहरा दिसला. मग त्यानं दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरून काचेला कपाळ टेकवलं.

फाटकावरच्या दिव्याखाली माणूस उभा होता.

धोतर, टोपी, काखेत पिशवी. हलत नव्हता. खांबाखांबांच्या बरोबर मध्यावर, जिथं नागोजीचा हात मनगटापर्यंत आत गेला होता, तिथंच. त्याचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. उघडत होतं आणि मिटत होतं. कसलाच आवाज येत नव्हता.

नागोजीच्या पाठीतून घाम उतरला. आणि तरी त्याच्या डोक्याचा तो एक कोपरा, जो कायम कारण शोधत असायचा, तो म्हणाला : आवाज येत नाही, कारण माग चालू आहेत.

त्यानं हात लांब करून मागांचा मेन स्विच खाली ओढला.

मागांचा खडखडाट गळून पडला. ताण्यातून धावणारे धोटे जिथल्या तिथं थांबले. आणि त्या शांततेत फाटकातून हाक आली, बसलेल्या, चिरक्या, माणसाच्या गळ्यातली हाक :

"आण्णा! ए आण्णा!"

६

पुढचं सगळं नागोजीला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. अक्काताईच्या हातातून कांड्यांची टोपली पडली. कल्लाप्पाला हाक ऐकू आली नव्हती, पण माग का थांबले म्हणून तो वळला आणि नागोजीचा चेहरा बघून दाराकडे गेला. अंगणातून तो अनवाणी चालत गेला, फाटकापाशी थांबला, आणि त्यानं हात पुढं केला. नागोजीला ओरडावंसं वाटलं, नको म्हणून. पण कल्लाप्पाच्या हातात मनगट आलं. हाडाचं, शिरांचं, पिशवी आवळून धरलेलं मनगट.

"सुब्या," कल्लाप्पा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वाळलास की रं!"

नागोजी तिथंच ओट्यावर बसला. कितीतरी दिवसांनी त्यानं पोट भरून श्वास घेतला.

चहा झाला. सुबराव मागांकडे पाठ करून बसला होता. कार्ड त्याच्या खिशातच होतं, घामानं मऊ झालेलं. "चार दिवस हे घेऊन नुसता बसलोतो," तो म्हणाला. "कान गेलेत हे वाचलं आणि मग बसवेना."

"का रं?" अक्काताईनं विचारलं.

सुबरावनं तिच्याकडे बघितलं नाही. "मी आलतो वहिनी. भांडून गेलो त्याच साली. दिवाळी झाल्यावर. असंच दिवेलागणीला. ह्या फाटकात उभा राहून आण्णाला हाका मारल्या. म्हटलं, एकदा ये म्हणाला तर आत जायचं. आण्णा त्या खिडकीत उभा होता, सरळ माझ्याकडं बघत. मग पाठ फिरवली त्यानं." त्यानं खिशातलं कार्ड चाचपलं. "तरी थांबलो. दोन बिड्या ओढल्या. मग गेलो."

अक्काताईनं हे सगळं कल्लाप्पाच्या कानात ओरडून सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. कल्लाप्पा ऐकत राहिला. मग उठला, भावाला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि त्याचं तोंड काचेसमोर आणलं.

"काय दिसतंय?"

"मीच दिसतोय."

"मग?" कल्लाप्पा म्हणाला. "आत दिवा असला की बाहेरचं काय दिसतंय रं? आणि त्या वेळी चारीच्या चारी माग चालू असणार. हाक कशी ऐकू येणार?"

सुबराव काचेसमोर तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलायला लागले.

नागोजी मात्र मनातल्या मनात एक बिडी पेटवून संपवत होता. एका बिडीला चार मिनिटं, दोन बिड्यांना आठ. त्यानं तो हिशेब तिथंच सोडून दिला.

तेवढ्यात भिंतीवरच्या पेटीत टक् असा बारीक आवाज झाला. माग बंद होते म्हणून तो ऐकू आला. तांबडा बल्ब पेटला, बाहेर फाटकावरचा दिवा लागला. घड्याळ बघायची गरज नव्हती. रोजची वेळ झाली होती.

चौघं फाटकाकडे बघत राहिले. तिथं कुणी नव्हतं. नागोजी मिनिटं मोजत होता. एक मिनिट झालं आणि दिवा विझला. उभं राहणाऱ्यासाठी नाही, नुसतं मधून जाणाऱ्यासाठी लागतो, तसा.

मग गल्लीतलं कुत्रं भुंकलं. त्याच्यानंतर कोपऱ्यावरचं. त्यानंतर आणखी पुढचं, आणि मग येळ्ळूर रस्त्याकडचं, लांब, अगदी बारीक. मग तेही थांबलं.

"आता कोण आलं?" कल्लाप्पानं विचारलं.

"कोण न्हाय आलं मामा," नागोजी म्हणाला, आणि कल्लाप्पाला कळावं म्हणून त्यानं हातानं बाहेरची खूण केली. "गेलं."

७

सुबराव आठ दिवस राहिला. त्याच्यासाठी दुपारी दोन तास माग बंद ठेवले जायचे, आणि शेजारच्या लोकांनाही ते बरंच वाटलं. दिवेलागणीच्या वेळी दिवा पुन्हा कधी आपणहून लागला नाही. नागोजीनं चार दिवस येऊन बघितलं, मग यायचं बंद केलं. तो घरी वेळेवर जेवू लागला आणि बायकोनं घड्याळाचा विषय पुन्हा काढला नाही.

महिनाभरानं एका संध्याकाळी शेजारच्या मष्णूनं दुकानात येऊन निरोप दिला. "अक्काताईनं बोलावलंय. म्हणाली, फाटकातला दिवा लागलाय तो विझंना झालाय."

दुकान तसंच उघडं टाकून नागोजीनं सायकल काढली. वडगावच्या गल्ल्यांतून तो कसा गेला त्याला कळलं नाही. कोपऱ्यावरून वळला आणि लांबूनच त्याला फाटकावरचा दिवा दिसला. पेटलेला.

दिव्याखाली गल्लीतली एक म्हैस उभी होती. दावं तोडून आलेली, फाटकात आडवी, पोटानं पितळी नळी झाकून निवांत रवंथ करत. अक्काताई आतून आणि कल्लाप्पा बाहेरून तिला ढकलत होते आणि ती दोघांनाही मोजत नव्हती.

नागोजीनं सायकल भिंतीला टेकवली. मग त्याला हसू फुटलं. तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं, त्याला म्हशीच्याच पाठीचा आधार घेऊन उभं राहावं लागलं, आणि तिनं शेपटीचा एक फटका त्याच्या गालावर मारला.

"हसतोस काय नुसता?" अक्काताई ओरडली. "ढकल की!"